पावसाच्या मापाची राखण

दिवाळीच्या सुमारास आमच्या झाडीपट्टीत हलके धान कापून बांधीत पडलेले असते आणि भारी धान लोंब्या झुकवून उभे असते. फराळाच्या ताटाभोवती पाहुणेमंडळी जमली की बोलणे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : यंदा पाऊस कसा झाला? ब्रह्मपुरीचा पाहुणा म्हणतो, मोप झाला. मूलचा म्हणतो, पोळ्यानंतर त्याने तोंड फिरवले. सिरोंचाचा म्हणतो, आमच्याकडे आमचा पाऊस नव्हताच, वरचे पाणी आले आणि मिरची-कापूस घेऊन गेले. तिघेही खरे बोलत असतात. परंतु ‘मोप’ म्हणजे किती, हे सांगायचे तर कुठेतरी एक भांडे मांडलेले असावे लागते, ते रोज ठरलेल्या वेळी पाहणारा एक माणूस असावा लागतो, आणि ते भांडे धुणारा, पुसणारा, सरळ उभे ठेवणारा हातही असावा लागतो. राजांचे इतिहास लिहिले गेले, लढायांचे लिहिले गेले. या भांड्याचा आणि या हाताचा इतिहास कोणी सांगत बसत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्य-जिल्ह्यांपुरता तो येथे सांगण्याचा विचार आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना साहेबाने आणली अशी आपली एक सोयीची समजूत आहे. ती खरी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड पावसाच्या मापासाठी ठेवावे असे स्पष्ट सांगितले आहे. कोरड्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पुरेसा, पाणथळ प्रदेशात किती, अश्मक देशी किती, अवंतीत किती, याचे आकडेही तेथे आहेत. आणि अपरांताच्या, म्हणजे आपल्या कोकणच्या पावसापुढे मात्र त्या कठोर अर्थशास्त्र्यानेही हात टेकले आणि तो ‘अमित’ म्हणून सोडून दिला! पुढे कोरियाच्या सेजोंग राजाने १४४१ साली गावोगाव एकाच मापाची पर्जन्यपात्रे ठेवण्याचा उपक्रम केला. युरोपात तशी व्यवस्थित मोजणी त्यानंतर पुष्कळ उशिरा सुरू झाली. मात्र कोठारापुढले ते कुंड कोण उपसत असे, त्यात पडलेला पाचोळा कोण काढी, हे कौटिल्याने लिहिले नाही. मंत्र्याला ते लिहावेसे वाटत नसावे.

आमच्या मुलखात साहेबाच्या आधी पाण्याचे माप होते ते तलावात. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा शिरस्ता होता असे परंपरा सांगते आणि त्याचे श्रेय हीरशहाला देते. या कामात कोहळी समाजाची ख्याती मोठी. पाळ कुठे घालावी, सांडवा किती उंचीवर ठेवावा, कुठल्या उतारावरचे पाणी कुठे अडेल, हे त्यांना दुर्बिणीवाचून आणि सूत्रावाचून कळे. तलावाच्या पोटात पाणी सोडण्यासाठी जे दार असते त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. जुन्या तुडुमाला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोके असत. तलाव भरलेला असला की वरचे भोक उघडायचे, पाणी उतरले की त्याखालचे. म्हणजे कितवे भोक चालू आहे एवढे पाहिले की तलावात पाणी किती राहिले आणि धानाला किती दिवस पुरेल ते गावाला समजे. मला तर ही नदीकाठच्या मापपट्टीची थोरली बहीण वाटते. तिची देखभाल गावच करी. पाणी वाटणारा पाणकर असे, पाळीवरची झुडपे उन्हाळ्यात काढली जात, गाळ उपसून बांधीत टाकला जाई. माप आणि मापाची राखण या दोन गोष्टी तेव्हा दोन खात्यांत वाटलेल्या नव्हत्या.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले. चांदा इंग्रजांकडे आला. नव्या राज्यकर्त्यांची नजर प्रथम तलावांवर पडली नाही, ती पडली नद्यांवर. वर्धा आणि वैनगंगा या दोन मोठ्या नद्या चपराळ्याजवळ एक होतात आणि प्राणहिता नाव घेऊन सिरोंचाजवळ गोदावरीला मिळतात. गोदावरीच्या मुखाशी धरण बांधून नावाजलेल्या आर्थर कॉटनला असे स्वप्न पडले होते की, वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस या जलमार्गाने थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यांतला तिसरा देवलमरीजवळ प्राणहितेत होता. कालवे खोदले गेले, बांध घातले गेले, मजूर तापाने आजारी पडले. १८६० साली सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या नव्या जिल्ह्याचे ठिकाण झाले. आजही त्या आडबाजूच्या गावात जुन्या इंग्रजी थाटाचा बंगला दिसतो तो त्या दिवसांची खूण.

जहाज चालवायचे तर नदीत किती महिने आणि किती खोल पाणी राहते हे ठाऊक असावे लागते. एका वर्षाच्या अनुभवावर ते सांगता येत नाही. गोदावरीच्या या अंगाला पावसाळ्यात समुद्र आणि उन्हाळ्यात वाळवंट. हिशेब बसेना. तेवढ्यात १८६७ साली आगगाडी नागपुरास येऊन पोचली, कापसाला दुसरी वाट मिळाली आणि १८७१ साली ही सारी योजना गुंडाळण्यात आली. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याची एक तहसील होऊन राहिली. लाखो रुपये पाण्यात गेले असे लोक म्हणतात. या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

याच सुमारास मध्यप्रांतातल्या जिल्ह्यांच्या आणि तहसिलींच्या आवारात पर्जन्यमापके बसू लागली. विलायतेत जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने या यंत्राचा ध्यास घेतला होता. त्याच्या नावाचे पर्जन्यमापक हिंदुस्थानभर पसरले. यंत्र म्हणावे असे त्यात काही नाही. पाच इंच व्यासाचे नरसाळे, त्याखाली बाटली, बाटलीभोवती पत्र्याचे डबडे, आणि शेजारी रेघा असलेली काचेची नळी. डबडे जमिनीत पक्के रोवायचे, नरसाळ्याची कड जमिनीपासून एक फूट उंच राहील असे. सकाळी ठरलेल्या वेळी बाटलीतले पाणी नळीत ओतायचे आणि रेघ वाचायची. वर्गात मुले नेहमी विचारतात की, पाऊस इंचात किंवा मिलिमीटरमध्ये कसा मोजतात, तो काय कापड आहे? उत्तर सोपे आहे. पडलेले पाणी जिथल्या तिथे थांबले, वाहिले नाही, मुरले नाही, तर त्याचा जेवढा थर साचेल तेवढा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी.

यंत्र जितके साधे तितकी त्याची फजिती करायला वावही मोठा. आमच्या भागात सागाचे पान नरसाळ्यापेक्षा मोठे असते. वाऱ्याने एक पान उडून वर बसले की मुसळधार पाऊस कागदावर रिमझिम होतो. गांधीलमाशी नळीत मातीचे घर करते. गुरे अंग घासतात आणि डबडे कलते. कडेला पोचा पडला की तोंड गोल राहत नाही, आणि तोंड गोल राहिले नाही की माप खोटे. आवारात हौसेने लावलेला कडुनिंब पाच वर्षांत वाढून पावसाच्या आड येतो. म्हणून नियम असा की, झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र असावे. पत्रा गंजून बारीक छिद्र पडले तर बाहेरून काहीच दिसत नाही. मोठ्या पावसात बाटली भरून पाणी डबड्यात सांडते, ते टाकून द्यायचे नसते, तेही मोजायचे असते. आणि काचेची नळी फुटते. ती कधी ना कधी फुटतेच, आणि नवी येईपर्यंतचे दिवस नोंदवहीत कसे भरले गेले असतील याची कल्पना कचेरीत काम केलेल्या कोणालाही करता येईल. पुढच्या काळात पत्र्याच्या जागी काचतंतूंची, न गंजणारी पात्रे आली, त्यांत शंभर आणि दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाची अशी दोन मापे आली. पात्र एका मापाचे आणि नळी दुसऱ्या मापाची घेतली तर पाऊस एका दिवसात दुप्पट होतो किंवा निम्मा!

तहसिलीतले हे डबडे नुसते शोभेचे नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाची संहिता तयार झाली. पाऊस, पीक आणि बाजारभाव यांच्या नोंदी पाहून मदतीची कामे कधी काढायची ते ठरू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी मध्यप्रांत भाजून निघाला. तलावांच्या या मुलखातही धान करपले. नोंदवहीतला एक आकडा आणि रस्त्याच्या कामावर मिळणारी मजुरी यांच्यामध्ये तेव्हा फार थोडे अंतर होते.

आता या इतिहासातली मला सर्वांत विचार करायला लावणारी हकिगत सांगतो. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले आणि हेन्री ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाला त्याचा प्रमुख नेमले. मोठा साक्षेपी माणूस. जंगलामुळे पाऊस वाढतो का, हा त्या काळी जगभर वादाचा प्रश्न होता. ब्लॅनफर्डने तो सोडवण्यासाठी निवडला आमचा मध्यप्रांत. येथे डोंगरउतारावरचे रान तोडून, जाळून, राखेत बी टाकण्याची शेती चालत असे. कुठे तिला दाह्या म्हणत, कुठे बेवर, आमच्या माडिया बांधवांत पेंडा म्हणतात. वनखात्याने ही शेती १८७५ च्या सुमारास आवळत आणली होती आणि रान पुन्हा वाढू लागले होते. ब्लॅनफर्डने त्या आधीच्या वर्षांचा पाऊस आणि नंतरच्या वर्षांचा पाऊस शेजारी शेजारी मांडला. नंतरचा पाऊस काही इंचांनी जास्त भरला. १८८७ साली त्याने हे प्रसिद्ध केले, आणि वनरक्षणाच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून ते दूरवर वाचले गेले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या सुमारास रान राखायला सुरुवात झाली, त्याच सुमारास हवामान खातेही सुरू झाले. म्हणजे तेव्हापासून रानही बदलले आणि भांडेही बदलले. आधीच्या वर्षांत तहसिलीच्या आवारातले नरसाळे कोण धूत होते, ते सरळ होते की कललेले, झाडाखाली होते की मोकळ्यावर, बाटली रोज उपसली जाई की आठवड्याने, याची चौकशी नव्या खात्याने हाती घेईपर्यंत कोणी फारशी करीत नसावे. कललेले, गळके, पाचोळ्याने अडलेले पात्र नेहमी कमीच पाऊस दाखवते, जास्त क्वचित. तेव्हा वाढले ते काय, पाऊस की पावसाची राखण? माझ्या बुद्धीला असे वाटते की, निदान काही भाग दुसऱ्याचा असावा. पुढे गिल्बर्ट वॉकर हा थोर गणिती खात्याचा प्रमुख झाला. त्याने १९१० मध्ये देशभरच्या नोंदी तपासल्या आणि जंगल तुटल्याने वा वाढल्याने पाऊस बदलल्याचा पुरावा त्यांत सापडत नाही असा निर्वाळा दिला.

जंगल राखू नये असे मला म्हणायचे नाही. ते राखण्याला दुसरी शंभर कारणे आहेत आणि ताडोबाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला ती सांगावी लागत नाहीत. आज तर झाडांच्या पानांतून उडणारी वाफ दूरच्या पावसाला हातभार लावते हे शास्त्रज्ञ नव्याने मांडत आहेत. परंतु डोंगरावर पेंडा करणाऱ्या माणसाला त्याची शेती का बंद झाली असे विचारले असते, तर तहसिलीच्या आवारातल्या पाच इंची नरसाळ्याची साक्षही त्याच्या विरुद्ध काढली गेली होती हे त्याला कधीच कळले नसते. साक्षीदार नीट उभा होता की कललेला, हे विचारण्याची सोय त्याला कुठली?

तलावांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना माहीत आहे. सरकारने असोलामेंढा, घोडाझरी असे मोठे तलाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बांधले. गावतलाव आणि बोड्या मालगुजारांकडे होत्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ च्या मार्चअखेर तलाव सरकारचे झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. कागदावर त्याचे संक्षिप्त रूप झाले ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक मामा आहेत. मामाचे घर सर्वांचे, पण मामाच्या घराचे छप्पर शाकारायला कोणी जात नाही, तशी त्यांची गत झाली. गाळ साठला, तुडुमे बुजली, पाणकराचे काम विसरले गेले. किती पाणी आहे ते सांगणारी भोकेच गाळात गेली.

नद्यांच्या मोजणीला मात्र स्वराज्यात नवे दिवस आले, आणि तेही भांडणामुळे. कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद पेटला तेव्हा केंद्र सरकारने १९६१ साली गुलाटी आयोग नेमला. आयोगाने पुढच्याच वर्षी अहवाल देताना सांगितले की, वाटणी करायची तर आधी पाणी किती आहे ते माहीत पाहिजे, आणि ते सांगण्याइतक्या नोंदी नाहीत. मग गोदावरीच्या खोऱ्यात जागोजाग केंद्रीय मापनस्थळे उभी राहिली. आमच्याकडची दोन महत्त्वाची म्हणजे वैनगंगेवर आष्टी आणि प्राणहितेवर टेकडा. वर्धेवर बामणीला तिसरे. प्राणहितेच्या पाणलोटाचा पसारा १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या सबंध खोऱ्याचा तिसरा हिस्सा. तो सारा हिस्सा टेकड्याच्या मापपट्टीसमोरून वाहत जातो. १९६९ मध्ये बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद बसला आणि १९८० मध्ये त्याचा अंतिम निवाडा झाला. त्या निवाड्याच्या जाड कागदांखाली अशा मापनस्थळांवरच्या खलाशांनी चिखलात उभे राहून वाचलेले आकडे आहेत.

या खलाशांचे काम पाहण्यासारखे असते. काठावर उतरत्या पायरीने रोवलेल्या मापपट्ट्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. एरवी दिवसातून तीन वेळा वाचन, पुराच्या दिवसांत दर तासाला, रात्र असो की पहाट. नाव घेऊन पात्रात जायचे, लहान प्याल्यांचे चक्र पाण्यात ठराविक खोलीवर सोडायचे, ते मिनिटाला किती फेरे घेते ते मोजून प्रवाहाचा वेग काढायचा. मग पात्राची रुंदी, जागोजागची खोली आणि वेग यांचा गुणाकार. बाटलीत पाणी धरून त्यातला गाळ गाळायचा आणि वजन करायचा. पूर ओसरला की खरी राखण सुरू होते. पट्ट्यांवर गाळ थापलेला असतो, वाहून आलेल्या ओंडक्याने एखादी वाकवलेली असते, एखादी गायब असते. नवी रोवताना तिचा शून्य समुद्रसपाटीपासून नेमक्या कुठल्या उंचीवर आहे ते जवळच्या पक्क्या खुणेवरून पातळी लावून पुन्हा जुळवावे लागते. शून्य वीतभर खाली-वर झाला तर नदी वीतभर चढली किंवा उतरली असे कागद सांगेल, आणि नदी आपली जागच्या जागी. चक्रातली वाळू धुऊन, तेल घालून ते ठेवले नाही तर पुढच्या पुरात ते सावकाश फिरते आणि नदी आळशी झाल्याची नोंद होते.

१९८६ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर आमच्या सिरोंचा भागात अजून ‘तो पूर’ म्हणूनच ओळखला जातो. खाली भद्राचलमला त्या वेळी पाणी ७५.६ फुटांवर गेले, तो आकडा आजवर ओलांडला गेलेला नाही. २०२२ च्या जुलैत तेथे ७१.३ फूट पाणी आले आणि सिरोंचा तालुक्यातली कित्येक गावे रिकामी करावी लागली. भद्राचलमच्या माणसाला वेळेवर उठवायचे तर प्राणहितेच्या पट्टीवरचा आकडा खरा असावा लागतो आणि तो वेळेत खाली पोचावा लागतो.

पोचला नाही तर काय होते ते २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने दाखवले. मध्यप्रदेशात अतोनात पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसीखुर्दची तेहतीसच्या तेहतीस दारे उघडावी लागली. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत नदी घरांत शिरली. चहूकडून वैनगंगेने वेढलेले लाडज गाव पाण्यात कोंडले गेले. फार मोठा पाऊस आमच्या डोक्यावर झालेला नव्हता, आणि तोच धोका होता : अंगणात ऊन आणि दारात पूर. वरच्या राज्यातल्या धरणावरचा आकडा खालच्या राज्यातल्या गावाला उशिरा कळला, अशी तक्रार त्या दिवसांत काठावरच्या गावागावांतून ऐकू आली. मोजणारे होते, यंत्रेही होती. आकडा चालत आला आणि पाणी धावत आले.

आता यंत्रे स्वतःच बोलू लागली आहेत. पुलाच्या कठड्याला लटकवलेली पेटी पाण्याकडे लहरी सोडते आणि पाण्याची पातळी उपग्रहामार्फत कळवते. महाराष्ट्रात २०१७ पासून प्रत्येक महसूल मंडळात एक याप्रमाणे दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. खांबावर सौरपत्रा, खाली बॅटरी, शेजारी पर्जन्यमापक. माणसाचे काम संपले असे समजून पुष्कळांनी निःश्वास टाकला. परंतु सौरपत्र्यावर कावळे बसतात. त्यावरची घाण पावसाने धुतली जाते खरी, पण पावसाळ्यातच सूर्य नसतो. वारुळाची माती तारेपर्यंत चढते. वेली खांबावर जातात. गडचिरोलीच्या कित्येक भागांत निरोप पाठवायला मनोराच नाही. आणि नरसाळ्यात पान पडायचे ते अजूनही पडते. फरक इतकाच की पूर्वी रोज सकाळी एक माणूस त्याच्यासमोर उभा राही, आता महिनोन्‌महिने कोणी जात नाही.

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासून सांगितले की, यंत्राचा संवेदक बिघडलेला होता. आदल्याच दिवशी दिल्लीजवळ मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले होते, तेथेही यंत्र तीन अंशांनी जास्त दाखवीत होते असे निघाले. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरच्या लोकांना उन्हाचे कौतुक नाही, ४६-४७ अंशांत ते लग्ने लावतात. पण छप्पन्न ऐकून तेही चपापले.

उष्णतेचा चुकीचा आकडा हसण्यावारी नेता येतो. पावसाचा नेता येत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी ठरली की पंचनाम्याची वाट मोकळी होते. पीकविम्याचे हिशेबही याच केंद्रांच्या आकड्यांवर बसतात. ज्या बांधीत धान आडवे झाले त्या बांधीपासून केंद्र दहा-बारा किलोमीटरवर, ते कुठे ग्रामपंचायतीच्या भिंतीशेजारी, कुठे चिंचेच्या सावलीत. भिंतीच्या आडोशाने चार मिलिमीटर कमी पडले तर मंडळातला पाऊस ६१ ठरतो. शेतकरी नरसाळे बघायला गेला तर कुंपणाला कुलूप असते. १८८७ साली पेंडा करणाऱ्याला जो प्रश्न विचारता आला नाही तो आज बांधीवाल्याला विचारता येतो, ही सुधारणा खरी. त्याचे उत्तर कोणी द्यायचे हे अजून नीट ठरलेले नाही.

सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांवरच्या हवामानवेधशाळेत बाष्पीभवन मोजायचे एक पसरट पिंप असते, सुमारे सव्वा मीटर व्यासाचे आणि वीतभर खोल. त्यातले पाणी रोज किती उडाले ते टोकदार खिळ्याच्या खुणेवरून मोजतात. विदेशातल्या मूळ पिंपाला झाकण नसते. आपल्याकडे मात्र त्यावर तारेची जाळी घालतात. कारण असे की, वैशाखात तहानलेले पक्षी, क्वचित कुत्रीही, त्यातले पाणी पिऊन जातात आणि ते सारे सूर्याच्या खात्यावर चढते. जाळी घातली की सावली पडते आणि पाणी थोडे कमी उडते, म्हणून त्याचाही हिशेब वेगळा धरावा लागतो. पिंपात शेवाळ धरू द्यायचे नाही, पाणी ठराविक खुणेच्या खाली उतरू द्यायचे नाही, तळ घासून पुन्हा भरायचे आणि भरल्याची वेळ लिहायची. रोज सकाळी, रविवारी आणि सणाच्या दिवशीही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अभ्यंगस्नान उरकून आपण फराळाला बसतो तेव्हा साडेआठच्या ठोक्याला या दोन जिल्ह्यांत कुठे कुठे कोणी तरी अशा पिंपावर वाकलेला असतो, कोणी नळीतली रेघ डोळ्यांच्या सरळ रेषेत धरून वाचत असतो, आणि पाऊस पडलेला नसला तरी नोंदवहीत त्या दिवसापुढे शून्य लिहीत असतो.